आजोबांच्या ट्रंकेतली कुस्ती: आधी माणूस, मग कागद, शेवटी गदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातलं तुमचं जुनं घर दिवाळीनंतर पाडून नवं बांधायचं आहे. माळा रिकामा करताना आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. आजोबा पन्नास-साठच्या दशकांत जत्रांतून, मैदानांतून कुस्त्या करायचे, काही वर्षं कोल्हापूरला तालमीत राहिले होते. ट्रंकेत चाळीसेक फोटो, कुस्ती मैदानांची हँडबिलं, पेपरची कात्रणं, एक वही, दोन फेटे, लंगोट आणि तीन बिल्ले आहेत. चांदीची गदा घरात कपाटावर आहे. धाकटे काका म्हणतात, गदा पॉलिश करून नव्या हॉलमध्ये लावू, बाकीचं काय करायचं ते कर. तुम्हाला छोटं संग्रहालय किंवा वेबसाइट करावीशी वाटते. सुरुवात कुठून करू, काय ठेवू, काय टाकू आणि कुणाला देऊ, असं तुम्ही विचारलंत.

गेली बावीस वर्षं मी तालमी आणि पैलवानांच्या घरांतले फोटो, कागद, आठवणी नोंदवतो आहे. त्यावरून सांगतो: सुरुवात ट्रंकेपासून करू नका. तुम्ही शेवटच्या ओळीत ओघात लिहिलंत, की आजोबांचे तालमीतले एक जोडीदार शेजारच्या गावात अजून आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, ऐकू कमी येतं पण बोलतात चांगलं. तुमच्या सगळ्या पत्रातली मोलाची गोष्ट ती आहे. ट्रंक साठ वर्षं थांबली, अजून दोन महिने थांबेल. ते आजोबा थांबतील याची खात्री नाही. आणि ते गेले की ट्रंकेतले निम्मे फोटो मुके होतील.

हे एवढ्या आग्रहाने का म्हणतो ते सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव कुणाकुणाशी लढले, हे आज घरबसल्या कळतं. ५७ किलोच्या गटात कॅनडाच्या पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला त्यांनी हरवलं, सोव्हिएत संघाच्या ममादबेयोव्हकडून आणि जपानच्या इशीकडून ते हरले, आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे कळतं, कारण ऑलिंपिकचा अधिकृत अहवाल प्रसिद्ध होतो, आणि ते जुने अहवाल लॉस एंजेलिसच्या एलए८४ फाउंडेशनने स्कॅन करून सर्वांना खुले ठेवले आहेत. पण खाशाबांच्या गोळेश्वर गावापासून कोल्हापूरपर्यंतच्या मातीतल्या कुस्त्यांचं काय? मातीतल्या कुस्तीला अहवाल नव्हता. जोड पंचांनी जागेवर लावायची, निकाल हजारो डोळ्यांनी बघायचा, इनाम हातावर ठेवायचं, आणि रात्री बैलगाड्या आपापल्या गावाला लागायच्या. त्या कुस्तीचं दफ्तर म्हणजे हँडबिलं, फोटो, पैलवानांच्या वह्या आणि म्हाताऱ्यांची डोकी. दुसरं दफ्तर नाही. तुमची ट्रंक त्या दफ्तराचं एक पान आहे, आणि ते दुसऱ्या कुठल्याही कचेरीत मिळणार नाही.

तेव्हा आधी त्या आजोबांकडे जा. जाताना मूळ फोटो नेऊ नका. मोबाइलवर काढून मोठ्या आकारात, निदान ए-फोर कागदावर, दहा-बारा प्रिंट काढा. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने मोठं करून दाखवलेला फोटो त्या वयात नीट दिसत नाही, आणि 'हो हो' म्हणून ते पुढे जातात. प्रत्येक प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून माणसांच्या बाह्यरेषा पेन्सिलीने काढा आणि प्रत्येकाला नंबर द्या. मग ते बोट ठेवतील तसं नंबरासमोर नाव लिहा. 'डावीकडून तिसरा' असं लिहिलं की दहा वर्षांनी भांडण होतं, कारण उभ्या रांगेतला तिसरा की बसलेल्या, ते कुणाला आठवत नाही.

'तुमच्या आठवणी सांगा' असं म्हणू नका. त्यावर भाषण मिळतं: आमच्या वेळी कसं होतं आणि आता कसं नाही. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. पहाटे किती वाजता उठवायचे? हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती कोण खणायचं? मातीत ताक किती, तेल किती, हळद, कापूर, काव कधी घालायचे? खुराकाचे पैसे घरून यायचे की गाव वर्गणी काढायचं? जोर किती, बैठका किती, आणि वस्ताद मोजायचे की विश्वासावर? पहिली इनामाची कुस्ती कुठे, आणि इनाम काय? नारळ-रेवडीवर लढलेला माणूस पहिल्या रोख इनामाची रक्कम कधी विसरत नाही. आणि हरलेली कुस्ती विचारा. जिंकलेल्या कुस्त्या सगळ्यांना पाठ असतात, त्या सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात. हरलेल्या कुस्तीत माणूस खरा बोलतो: कुठला डाव बसला, पाय कुठे घसरला, त्या रात्री जेवला की नाही.

मुलाखत व्हिडिओवर घ्या. नुसता आवाज पुरत नाही, आणि ते मला फार उशिरा कळलं. पहिली सात-आठ वर्षं मी कॅसेट रेकॉर्डर घेऊन फिरलो. एकदा एका वस्तादांना कलाजंग विचारला. समोरच्याला खांद्यावर घेऊन टाकायचा हा डाव कुणीही शब्दांत सांगेल. ते मात्र बोलायचे थांबले, बसल्या जागी माझं मनगट धरलं, डोकं माझ्या काखेखाली आणलं आणि म्हणाले, ''हं, असं. आता तुझा श्वास कुठाय बघ. श्वास सोडलास की उचलायचं, आधी न्हाई.'' टेपवर त्यातलं एवढंच आहे: ''हं, असं,'' मग थोडी शांतता, मग श्वासाचं ते वाक्य. त्यांचा हात कुठे होता, खांदा किती खाली गेला, हे माझ्या डोक्यात आहे आणि माझ्याबरोबर जाणार. ते वस्ताद पुढच्याच वर्षी गेले. म्हणून सांगतो, मोबाइल तिकाटण्यावर लावा, हात आणि खांदे चौकटीत येऊ द्या, पंखा बंद करा आणि बाहेर हलगी वाजत असेल त्या दिवशी जाऊ नका.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, तुमचं नाव, त्यांचं नाव मोठ्याने बोला. पुढे हे लोकांना दाखवलं तर चालेल का, हेही तिथेच विचारा आणि उत्तर रेकॉर्ड होऊ द्या. डावांची नावं त्यांच्या तोंडून येतील तशीच लिहा. ढाक, मोळी, घिस्सा, एकलंगी, गदालोट, ही नावं सगळीकडची. पण एकाच डावाला दोन तालमींत दोन नावं असतात आणि एकाच नावाचे दोन डावही असतात. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाशी नंतर ताडून बघा, पण ज्ञानकोश बघून त्यांचं नाव दुरुस्त करू नका. दुसऱ्यांदा जायचं ठरवूनच पहिल्यांदा जा. पहिल्या भेटीत ढवळलेल्या गोष्टी त्यांना रात्री झोपताना आठवतात, आणि त्या दुसऱ्या भेटीत मिळतात.

आता ट्रंक. ती उघडून सगळं सतरंजीवर पसरून 'फोटो इकडे, कागद तिकडे' असं करायचा मोह होईल. थांबा. आधी ट्रंक आहे तशी, वरून, आणि मग एकेक थर काढताना फोटो काढा. कात्रण वहीच्या कुठल्या पानात होतं, कुठला फोटो कुठल्या पाकिटात होता, हीसुद्धा माहिती आहे. एका घरात एक अनोळखी फोटो मनीऑर्डरच्या पावतीसोबत गुंडाळलेला होता. पावतीवरच्या गावामुळे तो माणूस सापडला: दर महिन्याला दुधाचे पैसे पाठवणारा मामा. पावत्या वेगळ्या केल्या असत्या तर तो फोटो 'अनोळखी' म्हणूनच राहिला असता. नंबर द्यायचे ते फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, स्टिकर नको.

सगळ्यात आधी फेकली जातात ती हँडबिलं, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एक गुलाबी हँडबिल आहे, डावा कोपरा उंदराने कुरतडलेला. त्यावर साल नाही. बहुतेक हँडबिलांवर नसतंच, कारण छापणाऱ्याच्या लेखी ते पुढच्या आठवड्यापुरतं होतं. पण नीट वाचा. 'मंगळवार ता. २१ एप्रिल'. आजोबांच्या उमेदीच्या काळात २१ एप्रिलला मंगळवार १९५३, १९५९, १९६४ आणि १९७० या वर्षी येतो. खाली तिकीट आहे '५० नये पैसे'. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, त्याआधी आणे होते. आणि १९६४ च्या जूनपासून 'नये' हा शब्द गळाला. म्हणजे १९५३ गेलं, १९७० गेलं. उरली १९५९ आणि १९६४. आता अगदी तळाची बारीक ओळ बघा, गावाच्या नावापुढे: 'जि. द. सातारा'. दक्षिण सातारा. या जिल्ह्याचं नाव १९६० च्या नोव्हेंबरात सांगली झालं. तेव्हा हे हँडबिल १९५९ चं आहे, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्यात आजोबांचं नाव चार नंबरच्या जोडीत आहे, पुढे कंसात वस्तादांचं नाव आणि 'पठ्ठा'. म्हणजे १९५९ च्या एप्रिलात ते त्या तालमीत होते. तुमच्या घरात कुणालाच हे साल ठाऊक नव्हतं, ते एका फाटक्या गुलाबी कागदाने सांगितलं.

तिथी दिली असेल तर जुन्या पंचांगाने काम आणखी सोपं होतं. छापखान्याचं नावही टिपून ठेवा; छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण हवं असा कायदाच १८६७ पासून होता, त्यामुळे ते सहसा असतंच. एक लक्षात ठेवा: हँडबिल म्हणजे जाहिरात आहे, निकाल नव्हे. लावलेली जोड त्या दिवशी झाली का, आणि कोण जिंकलं, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढच्या दोन-चार दिवसांचे पेपर बघावे लागतात. आता तारीख हातात आली आहे, तर कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात त्या आठवड्याचे अंक मिळतात का, ते विचारा. साल माहीत नसताना पेपर चाळणं म्हणजे महिनोन्महिने. आता एका दुपारचं काम आहे.

कागदांच्या बाबतीत हात जोडून एक विनंती: लॅमिनेशन करू नका. गावोगावी मी हे बघतो. प्रेमापोटी, नीट राहावं म्हणून, लोक आजोबांचं प्रमाणपत्र झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये दाबून आणतात. त्या उष्णतेने आणि गोंदाने कागद कायमचा अडकतो, आतून पिवळा पडत राहतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पाच-दहा वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. जे आधीच चिकटवलेलं आहे ते ओढून काढू नका, तसंच स्कॅन करा. काळ्या पानांच्या जुन्या अल्बममधल्या फोटोंनाही हेच लागू. पारदर्शक पाकिटं घेतलीत तर पॉलिएस्टरची घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसी फोटोला चिकटतं. तेवढं मिळालं नाही तर साधा पांढरा आम्लरहित कागद मधे घाला, आणि खोकी जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून दूर, पोटमाळ्यावर नव्हे तर राहत्या खोलीत ठेवा. माणसाला जिथे बरं वाटतं तिथे फोटोलाही बरं वाटतं. डांबराच्या गोळ्या फोटोंच्या खोक्यात नकोत. आणि हे सगळं पाऊस उघडल्यावर करा. श्रावणात ट्रंक दिवसभर उघडी ठेवलीत तर दमट हवा आत भरून झाकण लावाल, आणि दसऱ्याला बुरशी बघाल.

२०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूर भागात आम्ही काही घरांतले भिजलेले अल्बम बघितले. ज्यांनी घाबरून सगळं उन्हात टाकलं त्यांचे फोटो आकसून एकमेकांना चिकटले, दगडासारखे. ज्यांनी ओले असतानाच सुटे करून स्वच्छ गार पाण्यात हलकेच हलवले आणि सावलीत, चेहरा वर करून, सुती कापडावर वाळत घातले, त्यांचे बरेच वाचले. लगेच हात लावायला वेळ नसेल तर मधे बटर पेपर घालून सरळ डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे. ओले फोटो गोठवलेले महिनाभर थांबतात, तसेच ओले ठेवलेले दोन दिवसही नाही. तुमचं गाव नदीकाठी आहे, म्हणून एवढं लिहिलं.

स्कॅनिंग: फोटो ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइलमध्ये. पाकिटाएवढे लहान फोटो १२०० ने. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. फाटलेलं, डाग पडलेलं, आहे तसंच. हल्ली ॲपमध्ये टाकून चेहरे 'उजळतात' आणि रंग भरतात. ते घरच्या भिंतीसाठी हवं तर करा, पण वेगळ्या फाइलमध्ये, आणि त्या फाइलच्या नावातच 'बदललेला' असं लिहा. कारण ते यंत्र नसलेला कानही काढतं. पैलवानाचा मोडलेला कान हा त्याचा दाखला असतो. एका समूहचित्रातला माणूस एका म्हाताऱ्याने चेहऱ्यावरून नव्हे, डाव्या कानावरून ओळखला होता: ''हा कान माझ्यासमोर मोडला.'' उजळलेल्या फोटोत तो कान गोल आणि सुंदर झाला असता.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते. तीन प्रती ठेवा: एक तुमच्याकडे पुण्यात, एक गावी, एक क्लाउडवर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि लगतच्या खासबाग कुस्ती मैदानालाही त्या आगीची झळ बसली. रोममधलं क्रीडागार बघून आलेल्या शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ पासूनचं ते मैदान. दगडी वास्तूचं हे होतं, तर एका खोक्यातल्या कागदाचा काय भरवसा. त्या आठवड्यात मला तीन जणांचे फोन आले, आमच्याकडे खासबागचे जुने फोटो आहेत म्हणून. एरवी वीस वर्षं विचारून मिळाले नव्हते.

कापड. फेटे घडी करून ठेवलेत तर घडीवर विरतात. कागदी नळीवर जुनं धुतलेलं मलमल गुंडाळून त्यावर फेटा सैल गुंडाळा. धुऊ नका. लंगोटावर मातीचे डाग आहेत, असं तुम्ही लिहिलंत आणि 'स्वच्छ करून घेऊ का' असं विचारलंत. कृपा करून नको. ती हौद्यातली माती आहे.

आता गदा, ज्याच्यावरून घरात बोलाचाली झाली आहे. अशा गदा बहुधा आतून लाकडाच्या आणि वरून चांदीचा पत्रा चढवलेल्या असतात. सराफाकडे यंत्रावर पॉलिश केलं की दर खेपेला पत्र्याचा थर जातो आणि कोरलेली अक्षरं उथळ होतात. पाण्यात, सोड्यात बुडवली तर पाणी सांध्यातून आत शिरून लाकूड फुगतं. काळपटपणा हा रोग नाही, त्याने गदेचं काही बिघडत नाही. मऊ कोरड्या सुती कापडाने पुसा, एवढंच. पकडताना दांडा आणि गोळा दोन्हीकडून धरा, नुसत्या दांड्याने उचलू नका, सांधा तिथेच सुटतो. रबर, लोकर, वर्तमानपत्र आणि नवं प्लायवूड यांच्यापासून लांब ठेवा; यांनी चांदी लवकर काळी पडते. अक्षरं वाचायला खोली अंधारी करून टॉर्च एका बाजूने, अगदी आडवा धरा आणि फोटो काढा. जी अक्षरं समोरून दिसत नाहीत ती सावलीत उठून येतात.

काकांना हॉलमध्ये लावायची आहे तर लावू द्या. काचेच्या कपाटात, उन्हाच्या खिडकीसमोर नको, आणि शेजारी ते गुलाबी हँडबिल, अर्थात त्याची प्रत. काकांशी वाद घालून गदा कुठल्या संस्थेला दिलीत तर घर दुभंगेल, आणि गदेची गोष्ट सांगणारा माणूसच दुरावेल. मी असे दोन प्रसंग बघितले आहेत. वस्तू एकाच्या घरी आणि तिची नोंद सगळ्यांकडे, यात कुणाचं काही जात नाही. चार भावंडांना चार पेन ड्राइव्ह द्या.

गदा विकण्याचा विषय तुमच्या घरात अजून निघालेला नाही, पण कधी निघाला तर लाज वाटून घेऊ नका. खाशाबांच्या कुटुंबानेसुद्धा २०१७ मध्ये ऑलिंपिकचं पदक लिलावात काढण्याची भाषा केली होती, कारण गोळेश्वरला जाहीर झालेलं कुस्ती संकुल उभं राहत नव्हतं. वारसा सांभाळायचा भार नेहमी घरच्यांवर पडतो आणि टाळ्या इतर वाजवतात. विकलंच, तर आधी प्रत्येक बाजूने फोटो, वजन, मापं, अक्षरं आणि ती कुठून आली ही हकिकत लिहून ठेवा.

संस्थेला द्यायचं ठरलं तर लेखी द्या. कायमचं देता की काही वर्षांसाठी, संस्था बंद पडली तर परत कुणाकडे, घरच्यांना बघायला कधी मिळेल, प्रत काढायची परवानगी कुणाची, हे सगळं दोन प्रतींत आणि यादीसकट. सुरुवातीच्या काळात माझ्या शब्दावर एका घराने अल्बम एका संस्थेला 'प्रदर्शनापुरता' दिला. कागद केला नाही. पदाधिकारी बदलले, अल्बम कपाटातून गेला, आणि त्या घरातल्या आजी मला पुढची चार वर्षं प्रत्येक भेटीत विचारायच्या, ''आमचं पुस्तक कधी येणार?'' मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून मूळ वस्तू मी घराबाहेर नेत नाही. स्कॅनर घेऊन घरी जातो.

संग्रहालयाचं म्हणाल, तर इमारत, वीज, माणूस, कुलूप हे दरमहा लागतं. एका ट्रंकेसाठी ते उभं करू नका. वेबसाइटचं शुल्क भरायचं एका वर्षी राहिलं की सगळं गायब. त्यापेक्षा फोटो विकिमीडिया कॉमन्सवर आणि हँडबिलं, वही इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे सर्वांना खुल्या ऑनलाइन साठ्यांवर ठेवा. फुकट आहे आणि तुमच्यानंतरही राहील. हक्कांचं आधी बघा. भारतात फोटोवरचा हक्क २०१२ पर्यंत तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं असायचा; कायदा बदलल्यावर आता तो छायाचित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो. आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो असेल, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा, म्हणजे तुमच्या घराचा. पेपरच्या छायाचित्रकाराने काढलेला फोटो तसा नाही, तो तपासल्याशिवाय टाकू नका. आजोबांची वही हे त्यांचं लेखन आहे, त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झालेलं नसेल, तर त्यावर वारसांचा हक्क ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं चालतो. तेव्हा सगळ्या भावंडांची संमती घ्या. वहीत उसनवारी आहे, कुणाच्या भांडणाच्या नोंदी आहेत, असं तुम्ही लिहिलंत. ती पानं स्कॅन करून ठेवा, पण ज्यांची मुलं-नातवंडं आज त्याच गावात नांदतात त्यांचं देणं-घेणं जगापुढे मांडायची घाई नको.

फोटोखाली लिहिताना जे पक्कं आहे ते पक्कं लिहा, जे अंदाज आहे त्यापुढे 'बहुधा' लिहा, आणि कुणी ओळखलं, कुठल्या तारखेला, ते लिहा. 'आयुष्यात एकही कुस्ती हरले नाहीत' असं लिहू नका. त्या वहीतच, तुम्ही पाठवलेल्या पानावर, आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'कवठे. पडलो. घिस्सा.' तीन शब्द. त्यांना ते लपवायचं नव्हतं.

गावात वाटायचं काम मात्र इंटरनेटवर होत नाही. यात्रेच्या दिवशी तालमीच्या ओट्यावर दोरी बांधा, मोठ्या प्रिंट चिमट्यांनी लावा, प्रत्येकाखाली नंबर आणि समोर शंभर पानी वही, दोरीने बांधलेलं पेन. वर लिहा: 'ओळखलंत तर नाव लिहा, नंबर द्या.' एका गावात आम्ही तेवीस अनोळखी चेहरे लावले होते, संध्याकाळपर्यंत चौदा ओळखले गेले. त्यांतली चार नावं हलगीवाल्याची, आचाऱ्याची, माती कालवणाऱ्याची आणि बैलगाडी हाकणाऱ्याची होती. पैलवानांची नावं हँडबिलावर असतात, यांची कुठेच नसतात. हलगीचा ठेका चढला की पैलवानाच्या अंगात काय चढतं हे मैदानात बसलेल्या कुणालाही विचारा; आणि तरी वाजवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. बायकाही विचारा. खुराकाची बदामं वाटणारी, पहाटे दूध तापवणारी, लंगोट धुणारी तुमची आजी. त्या ट्रंकेत तिचा एकही फोटो नाही, हे मी तुमच्या यादीवरून बघितलं. ती आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर त्या आजोबांच्याही आधी तिच्याजवळ बसा.

काय टाकायचं, हा तुमचा एक प्रश्न राहिला. वर्षभर काहीही टाकू नका. झिजलेला खडू, बसचं तिकीट, खाणावळीची पावती, सगळं एका पाकिटात ठेवा आणि पाकिटावर 'कळलं नाही' असं लिहा.

या रविवारी जमलं तर जा. दहा प्रिंट, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, चार्ज केलेला मोबाइल आणि त्यांच्यासाठी थोडं दूध-पेढे. त्या गुलाबी हँडबिलाची प्रत न चुकता न्या. त्यात आजोबांच्या खालच्या जोडीत, पाच नंबरला, त्या शेजारच्या गावाचंच नाव आहे. ते स्वतःच आहेत का, एवढं पहिल्यांदा विचारा आणि मला कळवा.